चार महिने परदेशात फिरायचं, तर किती पैसे? अहमदपूर ते होई आन, माझ्या वहीतला हिशेब

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांच्या गावात अजून रेंजची बोंब आहे, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिहिलेलं रूप. बोलताना मी जे आकडे भराभर सांगून गेलो, ते इथे नीट मांडलेत.

उदगीरहून एका ताईंचा मेसेज आला होता. "दादा, मी 27 वर्षांची आहे, लातूरला नोकरी करते. मला एकटीला तीन-चार महिने परदेशात पाठीवर बॅग टाकून फिरायचंय. यूट्यूबवर कुणी म्हणतं 50 हजारांत होतं, कुणी म्हणतं 10 लाख लागतात. खरं किती लागतात?" मग खाली एक ओळ: "घरी अजून सांगितलेलं नाही."

ताई, दोन्ही प्रश्न एकच आहेत. ते कसं, ते पुढे सांगतो. आधी आकडे.

मी मूळचा अहमदपूरचा. म्हणजे नांदेडही आपलं, लातूरही आपलं. लहानपणी दवाखान्याला लातूर आणि सोयऱ्यांकडे नांदेड. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मी 110 दिवसांचा प्लॅन करून निघालो. थायलंड 30 दिवस, लाओस 15, व्हिएतनाम 35, कंबोडिया 10, मलेशिया 20. हेच देश का? कारण युरोपचा हिशेब मी दोन संध्याकाळीत मिटवला होता. शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, वर अपॉइंटमेंटचा आणि एजन्सीचा खर्च, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि एवढं करूनही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसच राहता येतं. तिथल्या हॉस्टेलच्या एका बेडच्या पैशात व्हिएतनाममध्ये तीन दिवस राहणं, खाणं होतं. पहिल्या लांब प्रवासाला आग्नेय आशिया हा आपल्या खिशाला झेपणारा भाग आहे, एवढंच त्याचं कारण.

कागदावरचा हिशेब

रोजचा खर्च मी असा धरला होता: थायलंड 2,000 रुपये, लाओस 1,600, व्हिएतनाम 1,600, कंबोडिया 1,800, मलेशिया 1,900. यात डॉर्मचा बेड, तीन वेळचं खाणं, गावातली आणि गावागावांतली बस-रेल्वे, तिकिटं, चहा-पाणी सगळं आलं. गुणाकार केला की 1,96,000 होतात. त्यावर हैदराबादहून बँकॉक आणि क्वालालंपूरहून हैदराबाद अशी दोन एकेरी विमानं, 21,000. सगळे व्हिसा मिळून 10,000. ट्रॅव्हल इन्शुरन्स 6,000. बॅग, बूट, पावसाळी जॅकेट, प्लगचा अडॅप्टर वगैरे 12,000. झाले 2,45,000. वर 50,000 अडीअडचणीला. एकूण 2,95,000.

हे कुठून आले? अठरा महिने दर महिन्याला 15,000 ची आर.डी., म्हणजे 2,70,000, आणि दिवाळीचा बोनस 25,000. पगार फार मोठा नव्हता, पण मी तेव्हा घरी राहत होतो, भाडं नव्हतं. ज्याला भाडं आहे त्याने अठराऐवजी तीस महिने धरावेत, त्यात लाज नाही.

आता यातली पहिली चूक सांगतो. "रोजचे सरासरी 1,600" हा आकडा ऐकायला सोपा आहे आणि फसवा आहे. एकाच गावात पाच दिवस बसलात तर रोज 1,100 मध्ये भागतं. ज्या दिवशी गाव बदलता त्या दिवशी बसचं तिकीट, स्टँडपासूनची रिक्षा, नवीन गावात पहिल्या रात्री घाईत घेतलेला महाग बेड आणि दमलो म्हणून मागवलेलं चांगलं जेवण, असे मिळून 3,000 जातात. म्हणजे बजेट देशावर ठरत नाही, तुम्ही किती वेळा बॅग उचलता यावर ठरतं. मी थायलंडमध्ये 30 दिवसांत नऊ गावं केली. आता मागे वळून पाहिलं की वाटतं, एसटीच्या चार दिवसांच्या पासवर निघाल्यासारखा पळत होतो.

आपल्याकडचंच एक मोठं उदाहरण आहे, आणि आपल्याच भागातल्या लोकांना ते माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. परभणी जिल्ह्यातले पत्रकार विष्णुदास चापके 2016 च्या मार्चमध्ये जगप्रदक्षिणेला निघाले आणि 2019 च्या मार्चमध्ये परतले. तीन वर्षं, 35 देश, आणि भर जमिनीवरच्या वाहनांवर. स्वतःची बचत आणि वाटेत लोकांनी केलेली मदत, यावर तो प्रवास झाला. गणित मांडून बघा: 36 महिन्यांत 35 देश, म्हणजे सरासरी महिन्याला एक. आपण चार महिन्यांत बारा देशांची यादी करतो आणि मग म्हणतो पैसे पुरत नाहीत. थांबायला पैसे कमी लागतात आणि पळायला जास्त, हे त्या प्रवासाकडे पाहून मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

निघण्याआधीचे खर्च

पासपोर्ट नसेल तर नांदेडला आणि लातूरला पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. 36 पानांचा 1,500 रुपयांत होतो, 60 पानांचा 2,000 ला. लांब प्रवास डोक्यात असेल तर ते 500 रुपये खुशाल घाला. काही देशांचा व्हिसा अख्खं पान खातो.

विमानासाठी आपण सवयीने मुंबई बघतो. नांदेड-लातूरवाल्यांनी आधी हैदराबाद बघावं. नांदेडहून देवगिरीने, किंवा आमच्याकडून उदगीर-बिदर करत बसने. मुंबईच्या निम्म्या अंतरावर आहे. बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूरला तिथून थेट विमानं आहेत. मुंबईचं तिकीट 1,500 ने स्वस्त दिसलं तरी तिकडे जाण्या-येण्यात आणि एक रात्र काढण्यात ते निघून जातात.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो, कारण हे नियम बदलत राहतात आणि निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी साइटवर पुन्हा बघावेच लागतात. मी गेलो तेव्हा थायलंडला भारतीयांना 60 दिवस व्हिसा लागत नव्हता, मलेशियाला 30 दिवस लागत नव्हता. व्हिएतनामचा ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, एका प्रवेशाचा 25 डॉलर, अनेक प्रवेशांचा 50 डॉलर. मी 25 चा घेतला. तो 25 डॉलर वाचवल्याचा आनंद पुढे कसा संपला ते येईलच. आणि एक सावधगिरी: गुगलवर पहिल्या येणाऱ्या साइट्स बऱ्याचदा सरकारी नसतात, दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. थायलंडचं 2025 च्या मे महिन्यापासूनचं डिजिटल अरायव्हल कार्ड तर फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की समजून जा.

पैसे न्यायचे कसे, हा खरा प्रश्न

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच माझे सगळ्यात जास्त पैसे वाया गेले आणि कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आपलं साधं डेबिट-क्रेडिट कार्ड परदेशात घासलं की बहुतेक बँका 3.5 टक्के मार्कअप घेतात, त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे लाखाच्या खर्चावर 4,130 रुपये, हातात काही न येता. त्यावर उपाय दोन. एक म्हणजे मार्कअप न घेणारं कार्ड. अशी कार्डं आता मिळतात, दोन-तीन महिने आधी काढून ठेवा. दुसरा म्हणजे फॉरेक्स कार्ड. पण फॉरेक्स कार्डात डॉलर, युरो, बाट असे चलन भरता येतात. व्हिएतनामचा डोंग किंवा लाओसचा कीप भरता येत नाही. डॉलर भरून डोंगमध्ये खर्च केला की पुन्हा क्रॉस-करन्सीचा आकार लागतो. एजंट हे सांगत नाही. विचारा, तोंडावर विचारा.

रोख किती? नियमाप्रमाणे बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात. मी 600 डॉलर नेले होते. शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा मागून घ्या. जुनी, कोपरा फाटलेली नोट आपल्याकडे किराणावाला घेतो. कंबोडिया-लाओसमध्ये ती परत तुमच्या हातात देतात. आणि पन्नास-वीसच्या नोटांना शंभरच्या नोटेपेक्षा कमी दर मिळतो. विमानतळावर फक्त पहिल्या दिवसापुरते बदला, बाकी शहरात.

टीसीएस, टीसीएस म्हणून लोक घाबरवतात. आर्थिक वर्षात 10 लाखांच्या आत रक्कम कार्डात भरली तर लागत नाही. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्याचे नियम वेगळे. पाठीवर बॅग घेऊन निघणाऱ्याने त्यावर झोप उडवू नये.

आता माझी चूक. मी गेलो तेव्हा थायलंडमध्ये परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की तिथली बँक दर वेळी 220 बाट कापायची. तेव्हा बाट अडीच रुपयाच्या आसपास होता, म्हणजे 550 रुपये. मला आपली सवय: खिशात जास्त रोकड नको, लागेल तसे काढू. मी 30 दिवसांत नऊ वेळा, दर वेळी 2,000 बाट काढले. नऊ गुणिले 220, म्हणजे 1,980 बाट, जवळजवळ 5,000 रुपये, नुसतं मशीनसमोर उभं राहण्याचे. 18,000 बाटवर 11 टक्के. आमच्याकडे सावकारसुद्धा महिन्याला एवढं घेत नाही! तेच पैसे एकदम काढले असते तर 220 मध्ये भागलं असतं.

व्हिएतनाममध्ये वेगळीच गंमत. रुपयाला साधारण 300 डोंग, त्यामुळे फोच्या वाटीला 50,000 म्हणतात आणि छातीत धस्स होतं. तीन शून्यं काढा, उरलेल्याला तीन आणि वर थोडं याने गुणा: 50 चे 165-170 रुपये. जमतं दोन दिवसांत. पण 20,000 ची आणि 5,00,000 ची, दोन्ही नोटा निळ्या आहेत. एक 65 रुपयांची, दुसरी 1,650 ची. रात्री रिक्षावाल्याला घाईत काय दिलं हे सकाळी कळतं. मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, बस.

खाणं, आणि नांदेडची एक सोय

खाण्यावर फार बोलत नाही. रस्त्यावर खाल्लं तर पोट भरतं आणि पैसे उरतात. हॉस्टेलच्या खालच्या कॅफेत खाल्लं तर उलट. शाकाहारी असाल तर थायलंडमध्ये "जे" हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर तांबड्या अक्षरांत लिहिलेला दिसतो, तिथे मांस नाही, अंडंही नाही. व्हिएतनाममध्ये "चाय" शब्द शाकाहारासाठी. चहा मागायला जाऊ नका!

नांदेडच्या माणसाला लंगर काही नवीन नाही. बँकॉकच्या पाहुरात भागात मोठा गुरुद्वारा आहे, तिथेही लंगर असतो. तीन आठवड्यांनी डाळ-रोटी समोर आली तेव्हा मला हुजूर साहिबच्या पायऱ्या आठवल्या. शेजारी बसलेल्या सरदारजींना "नांदेड जवळचा" म्हटल्यावर त्यांनी उठून हात जोडले. आपल्याला वाटतं नांदेड कुणाला माहीत असणार. पण एक सांगतो, ती फुकट खानावळ समजून बजेटमध्ये धरू नका. जेवा, भांडी घासा, जमेल ते पेटीत टाका.

स्कूटर आणि इन्शुरन्स

इन्शुरन्स घेतला म्हणजे सगळं झालं असं मला वाटत होतं. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वैध परवान्याशिवाय दुचाकी चालवताना काही झालं तर पैसे मिळणार नाहीत. आरटीओतून, मग ते लातूरचं एमएच 24 असो की नांदेडचं 26, 1,000 रुपयांत वर्षभराचं आंतरराष्ट्रीय परमिट मिळतं. थायलंडमध्ये ते चालतं. व्हिएतनाममध्ये अडचण आहे: ते 1968 च्या करारातलं परमिट मानतात, आपलं 1949 च्या करारातलं असतं. तिथे सगळेच पर्यटक स्कूटर चालवतात, दुकानदार देतोही, पोलीस धरेपर्यंत किंवा पडेपर्यंत काही होत नाही. मी चालवली नाही. बस आणि रेल्वेने फिरलो; हनोई ते सायगाव 1,700 किलोमीटरची रेल्वे आहे, तिची स्लीपर म्हणजे एक रात्रीचं हॉस्टेलभाडं वाचलं.

अडुसष्टावा दिवस

24 जानेवारी 2025. मी होई आनमध्ये होतो. वहीप्रमाणे तोवर 1,20,800 खर्च व्हायला हवे होते, झाले होते 1,34,500. थायलंडने 11,500 जास्त खाल्ले, लाओसने 2,000 परत दिले, व्हिएतनामने 4,200 जास्त घेतले. फार वाईट नाही. मी पुढच्या आठवड्यात एका जागी थांबून ते भरून काढणार होतो.

दुपारी आईचा व्हॉट्सॲप कॉल. "कुठं हाइस? जेवलास का?" आई नेहमी तिथूनच सुरू करते. मग म्हणाली, "घाबरू नको. बाबाला लातूरला आणलंय. छातीत दुखायलंय."

मंडळी, 2,95,000 च्या हिशेबात मी एक गोष्ट धरलीच नव्हती. अडीअडचणीचे 50,000 होते, ते माझ्या अडचणीचे. पासपोर्ट हरवला, पाय मोडला, फ्लाइट चुकली, यासाठी. घरी अडचण आली तर काय, याचा रकाना वहीत नव्हता. म्हणजे पैसे नव्हते असं नाही. माझ्या नावावर 60,000 ची एफडी होती. पण ती मोडायला ओटीपी लागतो, ओटीपी माझ्या भारतातल्या सिमवर येतो, आणि त्या सिमचा रिचार्ज महिन्यापूर्वीच संपला होता. लोकल सिमवर मजेत होतो ना! धाकट्या भावाने तिकडून रिचार्ज मारला. पण मी निघताना इंटरनॅशनल रोमिंग सुरूच केलं नव्हतं. कस्टमर केअर, ईमेल, पुन्हा कॉल. पहिला ओटीपी माझ्या फोनवर आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी.

त्या एका रात्रीत लातूरच्या दवाखान्यात तपासण्या, इंजेक्शनं, अँजिओग्राफीची तयारी चालू होती. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसत होतं, पण रेशनकार्ड अहमदपूरला कपाटात, कपाटाची चावी आईच्या पदराला, आणि आई लातूरला. भावाच्या खात्यात 18,000. रात्री साडेदहाला मामा आडत बाजारातल्या आपल्या अडत्याच्या घरी गेले आणि येणाऱ्या हरभऱ्यावर 40,000 ची उचल घेऊन आले. मी होई आनच्या त्या कंदिलांच्या गल्लीत वायफायचा पासवर्ड विचारत फिरत होतो. माझ्या नावावर पैसे असून मामाला दारात उभं राहावं लागलं. ते मला अजून बोचतं.

परत यायचं ठरवायला पाच मिनिटं लागली. तिकीट मिळायला पाच तास. त्या वर्षी व्हिएतनामी नवं वर्ष, तेत, 29 जानेवारीला होतं. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुण्याहून नांदेडच्या ट्रॅव्हल्सचं जे होतं तेच तिथे सगळ्या विमानांचं झालेलं. दा नांगहून सायगाव, तिथून हैदराबाद, 31,000 रुपये. क्वालालंपूरचं आधी काढलेलं 10,000 चं तिकीट पाण्यात. व्हिसा एका प्रवेशाचा, त्यामुळे बाहेर पडलो की संपला.

बाबांना एक स्टेंट बसला. आता बरे आहेत, सकाळी फिरायला जातात आणि मला वजनावरून बोलतात. योजनेचे कागद झाले, मोठा खर्च तिथे निभावला. माझ्याकडे 83,500 उरले होते. त्यातले 40,000 मामांना पहिल्या दिवशी दिले. ते घेत नव्हते.

आता हिशेब पुन्हा मांडू

ताई, मग तुम्हाला किती लागतील? माझ्यासारखे 110 दिवस, तेच देश, तर आजच्या भावाने 3,00,000 ते 3,30,000 धरा. मुलींसाठीचे वेगळे डॉर्म बहुतेक ठिकाणी मिळतात, थोडे महाग असतात. रात्री उशिरा पोचणारी स्वस्त बस सोडून दिवसाची घ्यावी लागते. कधी रिक्षाऐवजी ॲपची गाडी. याचे रोज 200-300 वेगळे लिहा आणि त्यात काटकसर करू नका. गावं कमी करा: पाच देशांऐवजी तीन. मी पुन्हा गेलो तर लाओसला महिनाभर बसेन. व्हिएंतियान ते लुआंग प्रबांग आता रेल्वेने दोन तासांचं अंतर आहे आणि तिथून हलावंसं वाटत नाही.

पहिल्यांदाच जात असाल तर आधी तीन आठवडे नेपाळ करून बघा. पासपोर्ट लागत नाही, मतदान ओळखपत्रावर जाता येतं, आणि आपले 100 रुपये म्हणजे त्यांचे 160, हा दर ठरलेला आहे. वही लिहायची सवय तिथे लागते. किती वेळा बॅग उचलता, एकटं जेवायला जमतं का, दहाव्या दिवशी घरची आठवण आली की किती खर्च करता, हे सगळं 25-30 हजारांत कळतं.

आणि या सगळ्यांच्या वर एक वेगळी रक्कम, घरची. किती? तुमच्या घरी एक माणूस अचानक दवाखान्यात गेलं तर पहिल्या दोन दिवसांत जेवढे लागतील तेवढे. आमच्याकडे ते 50-60 हजार. ही रक्कम तुमच्या एकटीच्या नावावर नको. आई किंवा भावाबरोबर जॉइंट खातं काढा, दोघांपैकी कुणालाही काढता येईल असं, आणि त्यांचं एटीएम कार्ड त्यांच्याकडे, पिन त्यांना पाठ. निघायच्या आधी त्यांना एकदा हजार रुपये काढायला लावा. हसू नका, आमच्या आईला मशीनमध्ये कार्ड उलटं घालायची सवय होती हे मला नंतर कळलं.

सिमचा रिचार्ज प्रवास संपेपर्यंतचा एकदम मारा, रोमिंग भारतातूनच सुरू करून जा. बहुतेक प्लॅनमध्ये बाहेर एसएमएस यायला पैसे पडत नाहीत, पण तुमच्या कंपनीला विचारून घ्या. दोन सिमचा फोन असेल तर भारताचं सिम डेटा बंद करून आतच ठेवा, काढून पाकिटात नको. रेशनकार्ड, आधार, आई-बाबांच्या जुन्या रिपोर्ट्सची एक फाइल करून घरात दोघांना माहीत असेल अशा जागी ठेवा. परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्या, दोन हजार जास्त गेले तरी. आणि मोठ्या सणांच्या आठवड्यात, तेत असो की एप्रिलमधलं थायलंडचं सोंगक्रान, विमानतळ जवळ असलेल्या शहरात राहा.

आता "घरी सांगितलेलं नाही" त्याबद्दल. जॉइंट खातं काढायला आईला बँकेत न्यावं लागेल, फॉर्मवर सही घ्यावी लागेल, आणि ती विचारेलच, हे कशाला. तिथेच सांगा. मी बाबांना निघण्याच्या आठ दिवस आधी सांगितलं होतं, तेही "कंपनीचं ट्रेनिंग आहे" म्हणून. दवाखान्यातून बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "ट्रेनिंग झालं का रे पुरं?" आईने तोंडाला पदर लावला. त्यांना केव्हापासून माहीत होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

माझे 42 दिवस अजून शिल्लक आहेत, कंबोडिया आणि मलेशिया. नवी आर.डी. सुरू आहे, 8,000 ची. पुढच्या भागात लाओसच्या रेल्वेचं तिकीट कसं काढायचं आणि दोन दिवसांची मेकाँगवरची बोट घ्यावी की नाही, यावर बोलू. तुमच्या वहीतले आकडे पाठवा. लातूर-नांदेडहून गेलेल्या कुणाचा हिशेब माझ्यापेक्षा स्वस्तात बसला असेल तर मला तो वाचायचाय.